दिव्यावाचून पाळी

घुग्घुससारख्या कोळशाच्या गावी राहून काळ्या रंगाचे मला भय उरलेले नाही. पण एकदा काळ्या पडद्यावरील एका पांढऱ्या ओळीने मला चांगलाच घाम फोडला!

त्याचे असे झाले. माझ्या जुन्या लॅपटॉपवर भाच्याने हौसेने लिनक्स घातले. यंत्र धावू लागले, पण वायफाय मुके! त्याच संध्याकाळी माझी एक विद्यार्थिनी, खाणकामगाराची मुलगी, दारात उभी. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत रात्री बारापर्यंत. मोबाइलवर तो दोनदा अर्ध्यातच अडकलेला.

"मामा, कार्ड बिघडलेलं नाही. फर्मवेअर सापडलं नाही," भाचा ती ओळ दाखवीत म्हणाला. "उणे दोन म्हणजे, अशी फाइलच नाही."

वाचकहो, भूमिगत खाणीत उतरणारा कामगार दर पाळीला लॅम्परूममधून दिवा घेतो. वायफायच्या चिपचेही तसेच. तिला चालवणारी आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, पुष्कळदा तिच्यात कायमची कोरलेली नसते; त्यामुळे चिप स्वस्त पडते. वीज गेली की स्मृती कोरी! म्हणून संगणक सुरू होताच ड्रायव्हर हा मुकादम चिप ओळखतो आणि हव्या त्या फाइलचे नाव कर्नलला सांगतो. कर्नल 'लिब' मधल्या 'फर्मवेअर' या कोठारात शोधतो. आधी 'अपडेट्स'चा कप्पा, मग मूळ कोठार. नावात एका अक्षराचाही फरक खपत नाही. फाइल मिळाली की ती चिपमध्ये उतरते आणि चिप जागी होते.

मग कोठार रिकामे का? फर्मवेअरचा मूळ मजकूर कंपन्या बहुधा उघड करीत नाहीत. म्हणून मुक्त आज्ञावलीचे व्रत घेतलेली डेबियनची मंडळी तसे फर्मवेअर मुख्य संचाबाहेर ठेवीत. 2022 साली त्यांनी मतदान घेतले आणि 2023 च्या बाराव्या आवृत्तीपासून ते संचातच येऊ लागले. भाच्याचा पेनड्राइव्ह त्याआधीचा!

आता फाइल आणायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला फाइल हवी! अखेर भाच्याने मोबाइल तारेने लॅपटॉपला जोडला. त्या वाटेला ही फाइल लागत नाही. आधी अर्ज गेला, मग फाइल आली. यंत्र पुन्हा सुरू केले आणि वायफाय बोलू लागले.

"सर, दिवा विसरला तर बाबांनाही खाली सोडत नाहीत," मुलगी हसून म्हणाली.

तेव्हापासून वर्गात कुणी गप्प बसला, तर 'याला डोकेच नाही' असे मी चटकन म्हणत नाही. आधी पाहतो, त्याच्या हाती दिवा कुणी दिला होता का?