एक आमदार, दहा लाख माणसं

मोशी मागे टाकून इंद्रायणीचा पूल ओलांडला की हवेली तालुका संपतो आणि खेड सुरू होतो. पुढे चिंबळी, कुरुळी आणि मग चाकण. कारखानदारीच्या दृष्टीनं नदीच्या दोन्ही काठांवरचा हा सलग एकच पट्टा आहे. विधानसभेच्या नकाशावर मात्र ही नदी पक्की हद्द होती. तिच्या अलीकडे, आज अस्तित्वात नसलेला 'हवेली' मतदारसंघ होता.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये एमआयडीसी आली, पाठोपाठ टेल्को आणि बजाज आले. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावं एकत्र करून नगरपालिका झाली आणि अण्णासाहेब मगर तिचे पहिले नगराध्यक्ष झाले. पुढे १९७७ मध्ये ते खेड लोकसभा मतदारसंघातून खासदार म्हणून निवडून गेले. आता तो मतदारसंघही उरलेला नाही.

हवेलीची खरी गोष्ट मात्र दिल्लीत ठरली. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं लोकसभा आणि विधानसभांच्या जागा गोठवल्या. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांना जागा गमावण्याची शिक्षा होऊ नये, हा त्यामागचा हेतू. तो रास्तच होता. पण जागांबरोबर मतदारसंघांच्या हद्दीही गोठल्या. १९७१ च्या जनगणनेवर आखलेल्या हद्दींवर महाराष्ट्रात १९७८ ची निवडणूक झाली आणि पुढे २००४ पर्यंतची प्रत्येक विधानसभा निवडणूक त्याच हद्दींवर झाली.

त्या काळात शहर थांबलं नाही. १९८२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. १९९१ ला वस्ती पाच लाखांवर गेली. १९९७ मध्ये चिखली, मोशी, चऱ्होली, वाकड अशी अठरा गावं महापालिकेत आली आणि २००१ ला शिरगणती दहा लाखांवर पोचली. त्या वर्षी महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाख होती आणि आमदार २८८. म्हणजे एका आमदारामागे सरासरी तीन लाख छत्तीस हजार माणसं. पिंपरी-चिंचवडच्या वाट्याला सरळ हिशेबानं तीन आमदार यायला हवे होते. या वस्तीचा मुख्य भार वाहत होता एकटा हवेली.

याला नुसता आकड्यांचा खेळ म्हणता येत नाही. नवनगर विकास प्राधिकरणात जमीन गेलेला शेतकरी साडेबारा टक्के जमीन परताव्यासाठी ज्या आमदाराच्या दारात उभा राहायचा, त्याच दारात कंपनीतून काढलेला कामगार आणि नळाला पाणी नसलेल्या चाळीतली बाईही उभी असायची. गाववाले आणि बाहेरून आलेले यांच्या गरजा वेगळ्या, गाऱ्हाणी वेगळी, आणि सभागृहात दोघांसाठी आवाज एकच. १९९० आणि १९९५ ला शिवसेनेचे गजानन बाबर इथून निवडून आले. जुन्या काँग्रेसी पट्ट्यात कामगार वस्त्यांचं वजन किती वाढलं होतं, हे मला त्या निकालात दिसतं. २००४ ला राष्ट्रवादीचे विलास लांडे जिंकले. हवेलीचे ते शेवटचे आमदार.

न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या मतदारसंघ पुनर्रचना आयोगानं २००१ च्या जनगणनेवर नव्या हद्दी आखल्या. एकूण जागा २८८ च राहिल्या, पण पुणे जिल्ह्याच्या जागा १८ वरून २१ झाल्या. हवेली, मुळशी, भवानी पेठ आणि बोपोडी हे मतदारसंघ गेले. त्याच पुनर्रचनेत मुंबई शहराच्या जागा १७ वरून १० वर आल्या आणि ठाणे जिल्हा १३ वरून २४ वर गेला. गिरणगाव ओसरलं आणि माणसं उपनगरांकडे सरकली, हे नकाशानं तेव्हा मान्य केलं.

१३ ऑक्टोबर २००४ ला हवेलीसाठी शेवटचं मतदान झालं होतं. बरोबर पाच वर्षांनी, १३ ऑक्टोबर २००९ ला, त्याच मतदारांनी चिंचवड, पिंपरी आणि भोसरी अशा मतदारसंघांत मत दिलं. पिंपरी अनुसूचित जातींसाठी राखीव झाला आणि तिथं राष्ट्रवादीचे अण्णा बनसोडे निवडून आले. चिंचवडला लक्ष्मण जगताप आणि भोसरीला विलास लांडे जिंकले, दोघेही अपक्ष. पहिल्याच संधीला तीनपैकी दोन जागी पक्षाच्या चिन्हाविना उमेदवार निवडून आले. इथं माणूस आणि भावकी पक्षापेक्षा जड भरतात, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो.

लोकसभेसाठी भोसरी आता चाकणसोबत शिरूरमध्ये आहे, तर पिंपरी आणि चिंचवड घाट उतरून पनवेल-उरणसह मावळात. त्यामुळे भोसरी आणि चाकण एका खासदारासाठी मत देतात, पण शेजारच्या पिंपरीचा खासदार वेगळा.

तीन तुकडे करूनही शहर पुन्हा हद्दींवरून उतू गेलं आहे. २०२४ ला एकट्या चिंचवडमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मतदार होते. चाकणची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना इथं सुरू झाला, त्यानंतर महिंद्रा आली, पुरवठादारांची रांग लागली. २०११ च्या जनगणनेत चाकणची वस्ती सुमारे ४१ हजार होती. पण मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेल्या कितीतरी कंत्राटी कामगारांची नावं अजून गावाकडच्या मतदारयादीत आहेत. हद्द आखताना मोजली जातात ती जनगणनेतली माणसं, आमदाराला मोजावे लागतात ते यादीतले मतदार. चाकणमध्ये या दोन आकड्यांत मोठं अंतर आहे आणि पाणी, रस्ते, वाहतूक कोंडी यांचा जाब विचारणारा आवाज त्या अंतरात हरवतो.

जागा गोठवण्याची मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे. त्या जनगणनेचा प्रगणक म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या खोल्यांत येईल तेव्हा कामगार पाळीवर असेल, तर त्याची नोंद कोण करणार, हे खेडच्या ग्रामपंचायतींनी आणि कंत्राटदारांनी आतापासून ठरवायला हवं.