मिशाळ माशाची अब्रू

अमेरिकेत गळ टाकून मासे धरणं हा कोट्यवधींचा छंद आहे, आणि या छंदात सोवळं-ओवळं आपल्या जुन्या स्वयंपाकघराइतकंच कडक आहे. सगळ्यात सोवळा तो ट्राउट. थंड नितळ ओढा, हलकी काठी आणि पिसं-दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी हा त्याचा सरंजाम. त्याखालोखाल बास, म्हणजे वेगवान बोट आणि अंगभर प्रायोजकांची नावं. कॅटफिश पार ओसरीबाहेर. रात्रीची वेळ, गढूळ नदी, उलट्या बादलीवर बसलेला माणूस आणि डब्यात कोंबडीची कलेजी, असं त्याचं चित्र रंगवलं जातं.

आपल्याकडचे शिवडा, शिंगाळा आणि मांगूर ज्या गणातले, त्याच गणातले हे मासे: अंगावर खवले नाहीत, तोंडाभोवती मिशा. अमेरिकेत गळवाल्यांच्या दृष्टीने त्यातले तीन महत्त्वाचे आहेत, चॅनल कॅटफिश, ब्लू कॅटफिश आणि फ्लॅटहेड. कुणी त्यांना ‘कचरा मासा’ म्हणून झटकून टाकतं, तर कुणी त्यांच्यासाठी अख्खी सुट्टी नदीकाठी काढतं. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, पण दोन्हीकडे माहितीपेक्षा ऐकीव गोष्टी जास्त.

“तळाशी पडलेलं कुजकं खाणारा मासा”

सगळ्यात जुना आरोप हाच, आणि फ्लॅटहेडच्या बाबतीत तो सपशेल खोटा आहे. पूर्ण वाढलेला फ्लॅटहेड मुख्यतः जिवंत मासे खातो. दिवसा बुडालेल्या ओंडक्याखाली दबा धरतो आणि रात्री शिकारीला निघतो. जाणकार गळवाला म्हणूनच त्याच्यासाठी जिवंत मासाच आमिषाला लावतो. ब्लू कॅटफिश शॅडसारख्या माशांच्या थव्यांवर तुटून पडतो आणि शिंपलेही फोडून खातो. चॅनल कॅटफिशचं खाणं खरोखरच सर्वभक्षी आहे. किडे, झिंगे, छोटे मासे, मेलेलं जनावर, इतकंच काय, पाण्यावर झुकलेल्या तुतीच्या झाडाची गळालेली फळंसुद्धा त्याला चालतात. कुजक्या चीजच्या, रक्ताच्या वासाच्या आमिषांची ख्याती या एका भावामुळे झाली आणि डाग सगळ्या घराण्याला लागला.

अशा आमिषाचं कारणही माशाच्या रुचीपेक्षा पाण्यात आहे. गढूळ पाण्यात आणि रात्री डोळ्यांचा उपयोग थोडा. कॅटफिशच्या मिशांवर स्वादकलिका दाटीने असतातच, शिवाय त्या सगळ्या अंगावर पसरलेल्या असतात. म्हणजे हा मासा पाठीने आणि शेपटीनेही चव घेतो. त्याच्या वाताशयापासून आतल्या कानापर्यंत इवल्या हाडांची साखळी असते आणि तीमुळे पाण्यातले आवाज त्याला इतर अनेक माशांपेक्षा चांगले ऐकू येतात. रोहू-कटलालाही ही सोय आहे, ट्राउट आणि बासला नाही. इतकी ज्ञानेंद्रियं घेऊन वावरणाऱ्या प्राण्याला ‘मठ्ठ’ म्हणायला धाडसच हवं.

युरोपातला वेल्स कॅटफिश तर याहून पुढे गेला आहे. दक्षिण फ्रान्समध्ये आल्बी गावाजवळ तार्न नदीच्या रेताड काठावर कबुतरं पाणी प्यायला उतरतात. तिथले वेल्स पाण्याबाहेर झेप घेऊन ती पकडतात आणि वळवळत परत पाण्यात जातात. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी असे 54 हल्ले नोंदवले. त्यातले 28 टक्के यशस्वी ठरले. हा मासा तिथला मूळचा नाही, माणसाने आणून सोडलेला आहे, आणि नव्या पाण्यात तो नवी शिकार शिकला.

“याच्यात कसली आलीय झुंज?”

ट्राउट आणि बास पाण्याबाहेर उसळी मारतात, कॅटफिश सहसा मारत नाही. तो खाली जातो, अडगळीकडे ओढतो आणि तळाशी अंग रोवून बसतो. झुंज म्हणजे फक्त उसळी असं ज्याने ठरवलं, त्याला तो निराश करणारच. बाकीच्यांनी वजनं पाहावीत. ब्लू कॅटफिशचा जागतिक विक्रम 143 पौंडांचा आहे, म्हणजे जवळजवळ 65 किलोंचा. तो 2011 साली व्हर्जिनियातल्या केर जलाशयात नोंदला गेला. फ्लॅटहेडचा विक्रम 123 पौंड, कॅन्ससमध्ये, 1998 चा. इतकं वजन दोरीच्या दुसऱ्या टोकाला असताना मनगटाचं काय होतं, ते एकदा धरून पाहिलेल्यालाच विचारावं.

उलट टोकाची थापही आहेच. अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक मोठ्या धरणापाशी एकच कथा ऐकू येते: भिंतीची पाहणी करायला उतरलेल्या पाणबुड्याला मोटारीएवढे कॅटफिश दिसले, आणि तो वर आला तो पुन्हा उतरलाच नाही. धरणाचं नाव बदलतं, पाणबुडा तोच राहतो. मार्क ट्वेननेही हकलबरी फिनच्या गळाला दोनशे पौंडांवरचा कॅटफिश लावला आहे, पण ती कादंबरी. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या नोंदीत 1879 साली सेंट लुईसहून पाठवलेला 150 पौंडांचा ब्लू कॅटफिश सापडतो, म्हणजे जुने लोक अगदीच हवेत बोलत नव्हते. त्याहून कितीतरी प्रचंड कॅटफिश पाहायचा तर मेकाँग नदी गाठावी. थायलंडमध्ये 2005 साली धरलेला मेकाँग महाकॅटफिश 293 किलोंचा होता.

“खरा खेळाचा मासा वेगळाच असतो”

खेळाचा मासा कोणता, हे माशाच्या अंगावर लिहिलेलं नसतं. ते माणसं ठरवतात, आणि ठरवताना माशाइतकंच काठावर कोण बसलंय हेही पाहतात. ब्रिटनमध्ये सामन आणि ट्राउट हे ‘गेम’ मासे, बाकीचे गोड्या पाण्यातले मासे ‘कोर्स’, म्हणजे जाडेभरडे. सामन-ट्राउटचं बरंच पाणी जमीनदारांच्या मालकीचं होतं आणि कालव्या-तळ्यांवर कामगारवर्ग बसायचा. ही विभागणी अटलांटिक ओलांडून अमेरिकेत पोचली. तिथे कॅटफिश हा दक्षिणेतल्या गरिबांचा, काळ्या आणि गोऱ्या दोन्ही, घरी नेऊन तळून खायचा मासा. बासला 1968 साली रे स्कॉटने स्थापलेल्या संघटनेमुळे स्पर्धा, बक्षिसं आणि दूरचित्रवाणी मिळाली. कॅटफिशच्या वाट्याला तशी प्रतिष्ठा यायला आणखी बराच काळ लागला.

कायद्यातही या उतरंडीचा ठसा आहे. मिनेसोटाने चॅनल आणि फ्लॅटहेडला ‘गेम’ माशांत घेतलं, पण त्यांचाच धाकटा चुलतभाऊ बुलहेड मात्र कार्पबरोबर ‘रफ’ माशांच्या यादीत गेला. दोघांच्या शरीररचनेत असा कोणता फरक आहे, की ज्याने एकाला मान मिळावा आणि दुसऱ्याला नाही? मला तरी दिसत नाही. फरक आकाराचा आहे, आणि गळवाल्यांच्या हौसेचा.

लोकप्रियता म्हणाल तर 2011 च्या अमेरिकी सरकारी पाहणीत कॅटफिश धरणारे सुमारे 70 लाख निघाले. ट्राउटवाले त्यांच्याहून किंचितच जास्त होते. म्हणजे ‘थोड्या अडाण्यांचा नाद’ हाही गैरसमजच.

एक प्रकार मात्र कॅटफिशवाल्यांच्या घरातच भांडण लावतो: नूडलिंग. पाण्यात उतरायचं, काठाखालच्या बिळात हात घालायचा आणि फ्लॅटहेडने हात तोंडात धरला की त्यालाच बाहेर ओढायचं. ओक्लाहोमातल्या पॉल्स व्हॅली गावात त्याची स्पर्धा भरते. टेक्सासने 2011 साली याला परवानगी दिली. मिसुरीने 2005 मध्ये प्रायोगिक हंगाम सुरू केला आणि 2007 मध्ये बंद केला. नाक मुरडणाऱ्यांना हा रानटीपणा वाटतो, तर करणाऱ्यांना यात बरोबरीची कुस्ती दिसते. माझ्या मते खरा मुद्दा तिसराच आहे. बिळात बसलेला मासा बहुधा अंडी राखणारा नर असतो. त्याला काढला की अंडी उघडी पडतात. मिसुरीच्या तज्ज्ञांचा आक्षेप हाच होता.

भारतातली उतरंड वेगळी नाही. इथे मान महासीरचा. हेन्री सलिव्हन थॉमसच्या 1873 च्या ‘द रॉड इन इंडिया’पासून साहेबांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि शिवड्याला ‘गोड्या पाण्यातला शार्क’ म्हणून बाजूला ठेवलं. मत्स्यशेतीत तर शिवडा सरळ शत्रू. रोहू-कटलाचं बीज सोडण्याआधी तळ्यात मोहाची पेंड टाकून त्याच्यासारखे भक्षक मासे मारून टाका, असं पाठ्यपुस्तकंच सांगतात. बीजाच्या तळ्यापुरतं ते रास्त आहे, पण नदीतही त्याच्याकडे त्याच नजरेने पाहिलं गेलं. आज हा मासा जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे. हिमालयातल्या काली नदीतला गूंच हा कॅटफिश मात्र 2009 च्या ‘रिव्हर मॉन्स्टर्स’ मालिकेमुळे एकदम जगप्रसिद्ध झाला, तोही नरभक्षक म्हणून. त्याने माणसं ओढून नेल्याचा पुरावा कुणी दिलेला नाही.

“चव मातकट, मिशा विषारी”

मिशांचं आधी उरकू. त्या मऊ असतात आणि दंश करत नाहीत. टोचतात ते पाठीवरच्या आणि छातीच्या पंखांचे काटे. 2009 च्या एका अभ्यासानुसार जगातल्या तीन हजारांहून अधिक कॅटफिश जातींपैकी किमान 1250 जातींच्या काट्यांशी विषग्रंथी असाव्यात. आपल्या किनाऱ्यावर शिंगाळा हाताळणाऱ्याला हे कुणी शिकवायची गरज नाही.

मातकट चवीचं कारण तळाशी राहणं हे नव्हे. जिओस्मिन आणि त्याच्यासारखं आणखी एक द्रव्य पाण्यातले काही नीलहरित जिवाणू तयार करतात. ती कल्ल्यांवाटे माशाच्या चरबीत उतरतात. त्याच पाण्यातला कार्प, तिलापिया, अगदी टाकीत वाढवलेला सोवळा ट्राउटसुद्धा तसाच लागतो. मासा काही दिवस स्वच्छ पाण्यात ठेवला की वास जातो. मिसिसिपीतले कारखाने तर तळं उपसण्याआधी नमुन्याचे मासे शिजवून, माणसांकडून चाखून घेतात आणि चव बिघडलेली असली तर उपसणं थांबवतात. हा धंदा इतका मोठा झाला की राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी 1987 साली 25 जून हा राष्ट्रीय कॅटफिश दिन जाहीर केला. आणि ज्यांना अजूनही शंका आहे, त्यांनी पुण्या-मुंबईच्या हॉटेलात ‘बासा’ चवीने खाल्ला असेल तर जाणावं, की तोही शेतीत वाढवलेला कॅटफिशच.

“मोठा मासा सोडून देणं नेहमीच पुण्याचं”

हा गैरसमज कॅटफिशच्या चाहत्यांचा, म्हणून त्यावर कमी बोललं जातं.

मूळच्या नदीत सोडणं बरोबरच आहे. ब्लू कॅटफिश वीस वर्षांहून जास्त जगू शकतो. साठ पौंडांचा मासा वर्षानुवर्षांची कमाई असते आणि ‘कितीही काढा, संपत नाहीत’ हे मोठ्या माशांना लागू पडत नाही. काही व्यापारी नद्यांतले असे मासे काढून पैसे देऊन गळ टाकायच्या खासगी तळ्यांना विकतात. त्यावर गळवाले संतापतात आणि त्यांचा संताप योग्य आहे. कॅनडातल्या मॅनिटोबाने तर नियमच केला आहे की 60 सेंटिमीटरपेक्षा लांब चॅनल कॅटफिश ठेवायचा नाही. तिथल्या रेड नदीवर त्यामुळेच जगभरातून लोक येतात.

पण चेसापीक उपसागरात हीच सज्जनता घातक ठरते. व्हर्जिनियाच्या जेम्स, रॅपहॅनक आणि यॉर्क या नद्यांत ब्लू कॅटफिश मुळात नव्हताच. 1970 आणि 80 च्या दशकांत सरकारी खात्यानेच खेळासाठी तो सोडला. त्याला निमखारं पाणीही मानवलं. तिथून तो उपसागराच्या सगळ्या मोठ्या नद्यांत पसरला, शॅड आणि निळे खेकडे फस्त करू लागला. जेम्स आणि रॅपहॅनकच्या काही भागांत एकूण माशांच्या वजनापैकी 75 टक्क्यांपर्यंत वजन एकट्या या जातीचं असल्याचा अंदाज आहे. 2023 साली मेरिलँडच्या गव्हर्नरांनी याच कारणासाठी केंद्राकडे मासेमारीची आपत्ती जाहीर करण्याची मागणी केली. तरी विक्रमी आकाराच्या हौसेपायी तिथले अनेक गळवाले मोठे मासे पुन्हा पाण्यात सोडत राहिले. जॉर्जियातल्या ऑल्टामाहा नदीत बाहेरून आलेल्या फ्लॅटहेडने सनफिशची अशीच धूळधाण केली, आणि शेजारच्या सॅटिला नदीतून सरकारी कर्मचारी पाण्यात वीज सोडून फ्लॅटहेड काढतात.

एकच मासा एका नदीत जपायचा आणि दुसरीत उपसायचा, हे गळवाल्यांना पचायला जड जातं. कुठे त्याला मान, कुठे त्याचा तिरस्कार, यातलं एकच त्यांना हवं असतं. नदी मात्र तसं ठरवू देत नाही.

व्हर्जिनिया-मेरिलँडमध्ये बरीच मराठी कुटुंबं राहतात, म्हणून त्यांना एवढंच सांगणं. परवाना काढा, नदीचे नियम वाचा, आणि चेसापीकच्या पाण्यात ब्लू कॅटफिश लागला तर सोडू नका. लहान-मध्यम मासा हळद-मीठ-तिखट लावून रव्यात घोळवून तळा. 32 इंचांच्या वरचा जेम्सच्या भरतीच्या पाण्यातला असेल, तर तोही काढा, पण खाऊ नका. जुन्या माशांच्या चरबीत पीसीबी हे विषारी रसायन साठलेलं असतं आणि राज्याच्या आरोग्य खात्याने तो न खाण्याचा सल्ला दिलेला आहे.