इंजिन ऑइलची निवड : किलोमीटर मोजावेत की तास?

बंगळुरूच्या पूर्व भागात मारतहळ्ळी येथे जुना विमानतळ मार्ग आणि बाह्य वर्तुळाकार मार्ग एकमेकांस मिळतात. एकेकाळचे हे गाव आज माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या इमारतींनी वेढले असून, सकाळ-संध्याकाळ येथील पुलाच्या परिसरात वाहने अक्षरशः पावलापावलाने सरकतात. महाराष्ट्र आणि सीमाभागातील शेतकरी कुटुंबांतून नोकरीसाठी आलेले अनेक तरुण या भागात राहतात. आठवडाभर या कोंडीत घुटमळणारी त्यांची मोटार सणासुदीला राष्ट्रीय महामार्ग ४८ ने बेळगाव-कोल्हापूरकडे निघते आणि घरच्या अंगणात ट्रॅक्टरशेजारी उभी राहते. अशा गाडीत कोणते सिंथेटिक ऑइल घालावे, या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या ट्रॅक्टरवरच लिहिलेले असते.

ट्रॅक्टर किती किलोमीटर चालला, असे कोणी विचारत नाही. तो किती तास चालला, हे पाहिले जाते. अनेक ट्रॅक्टरांमध्ये सुमारे २५० तासांनी इंजिन ऑइल बदलण्याची शिफारस असते. मोटारीत मात्र किलोमीटर मोजण्याची रूढी आहे आणि मारतहळ्ळीसारख्या ठिकाणी ती फसवी ठरते. टॉमटॉम कंपनीच्या वाहतूक निर्देशांकानुसार २०२२ मध्ये बंगळुरूच्या मध्यवर्ती भागात १० किलोमीटर जाण्यास सरासरी २९ मिनिटे १० सेकंद लागत होते. त्या गतीने १०,००० किलोमीटर पुरे होईपर्यंत इंजिन सुमारे ४८६ तास चालते. तेच अंतर महामार्गावर ताशी ६० किलोमीटरच्या सरासरीने कापल्यास १६७ तास पुरतात. दोन्ही गाड्यांच्या मीटरवरचा आकडा एकच. परंतु एकीचे ऑइल दुसरीच्या जवळजवळ तिप्पट वेळ राबलेले असते. (नांगरटीचा भार आणि सिग्नलला उभ्या गाडीचा भार सारखा नसतो, म्हणून ट्रॅक्टरचे २५० तास मोटारीला जसेच्या तसे लावू नयेत. हिशेबाची रीत तेवढी घ्यावी.)

कोंडीत ऑइलचे नेमके काय होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. शीतक द्रव लवकर तापतो, ऑइल मागाहून तापते. घर ते शाळा अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत ते पुरेसे तापतच नाही. त्यामुळे ज्वलनातून आलेले पाणी आणि पिस्टनच्या कडेने उतरलेले इंधन उडून न जाता ऑइलमध्येच साचते. इंधन मिसळले की ऑइल पातळ होते. डिपस्टिकवरील पातळी वाढलेली दिसली तर पुष्कळ जण खूश होतात. वस्तुतः ती धोक्याची खूण असते. याउलट लांब कोंडीत गाडी सरकत नाही, समोरून वारा लागत नाही आणि बॉनेटखालची उष्णता वाढत जाते. तापलेल्या ऑइलचा प्राणवायूशी संयोग होऊन ते हळूहळू घट्ट होते आणि त्यात गाळ धरतो.

येथे सिंथेटिक ऑइलचा खरा उपयोग होतो. उष्णतेत ते लवकर बिघडत नाही, त्याचे बाष्पीभवन कमी होते आणि थंड इंजिनात ते चटकन सर्वत्र पोहोचते. तथापि ‘सिंथेटिक’ या एका शब्दावर विसंबून राहू नये. खनिज तेलावर हायड्रोजनच्या साहाय्याने तीव्र प्रक्रिया करून मिळवलेले तिसऱ्या गटाचे मूळ तेलही बाजारात सिंथेटिक म्हणूनच विकले जाते. यावरून कॅस्ट्रॉल आणि मोबिल यांचा वाद अमेरिकेतील जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियामक संस्थेपुढे गेला आणि १९९९ मध्ये त्या नावाला मोकळीक मिळाली. तिसऱ्या गटाची ऑइले निकृष्ट असतात असे मुळीच नाही. रोजच्या वापराला ती उत्तम चालतात. डब्यावरचा मोठा शब्द पाहण्याऐवजी मागची बारीक अक्षरे वाचावीत, इतकाच याचा अर्थ.

त्या बारीक अक्षरांत दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे विष्यंदितेची, अर्थात घट्टपणाची श्रेणी. ५डब्ल्यू-३० मधील ‘५डब्ल्यू’ हा भाग कडाक्याच्या थंडीतील वर्तन सांगतो. त्याची चाचणी उणे ३० अंश सेल्सिअसला होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळुरूत किंवा निफाडच्या थंडीतही असे तापमान कधी येत नाही. म्हणून ०डब्ल्यू की ५डब्ल्यू यावर घासाघीस करण्यात फारसा अर्थ नाही. दुसरा आकडा १०० अंशांवरील घट्टपणाचा असून तो महत्त्वाचा आहे. ‘आपल्याकडे ऊन फार, जाड ऑइल घाला’ असा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. जुन्या इंजिनांच्या बाबतीत तो खपून जाई. अलीकडच्या कित्येक लहान पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ असे लिहिलेले असते. त्यांच्या अरुंद तेलवाटांत २०डब्ल्यू-५० ओतणे म्हणजे ठिबकच्या नळीत काकवी सोडण्यासारखे आहे. इंजिनाच्या आतील तापमान थर्मोस्टॅट राखतो, बाहेरचे ऊन नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे गुणवत्तेचे मानांकन. पेट्रोल इंजिनांसाठी एपीआय एसपी हे मानांकन २०२० मध्ये आले. टर्बो असलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनांत कमी वेगात जोर लावताना इंधन अवेळी पेट घेते व पिस्टनला इजा पोहोचते. ते टाळण्याची कसोटी या मानांकनात आहे. कोंडीत वारंवार थांबून पुन्हा उचल घेणाऱ्या गाडीला तिचा लाभ होतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतरच्या डिझेल मोटारींत धूर गाळणारी गाळणी असेल, तर कमी राखेचे ऑइलच लागते. एसीइए सी२ किंवा सी३ यांपैकी पुस्तिकेत जे दिले असेल तेच घ्यावे. चुकीच्या ऑइलची राख गाळणीत बसते आणि ती जाळून काढता येत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांच्या मोटारसायकलींबाबत एक सूचना आवश्यक आहे. बहुतेक मोटारसायकलींत क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. मोटारीचे उरलेले महागडे सिंथेटिक त्यात ओतल्यास क्लच घसरू लागतो. तेथे जासो एमए किंवा एमए२ मानांकन पाहावे. ट्रॅक्टरलाही हे उरलेले ऑइल घालू नये. डिझेल इंजिनातील काजळी धरून ठेवण्याची क्षमता पेट्रोलच्या ऑइलमध्ये पुरेशी नसते. ट्रॅक्टरला पुस्तिकेत सांगितलेले, बहुधा १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० खनिज ऑइल वेळेवर बदलत राहिल्यास सिंथेटिकचा जादा खर्च करण्याचे कारण उरत नाही.

मारतहळ्ळीतील मोटारीसाठी मात्र तो खर्च सार्थकी लागतो, परंतु मुदत लांबवली नाही तरच. पुस्तिकेत ‘कठीण वापर’ या मथळ्याखाली लहान फेऱ्या, सततची कोंडी, धुळीचे रस्ते आणि ओढकाम यांचा उल्लेख असतो व त्यासाठी कमी अंतराचे वेळापत्रक दिलेले असते. शहरातील मालक आपली गाडी त्यात बसवत नाहीत, कारण ती तर गुळगुळीत रस्त्यावरच चालते. बाजार समितीच्या आवारात इंजिन चालू ठेवून रांगेत सरकणारा भाजीचा पिकअपही त्याच वर्गात मोडतो. ज्या गाड्यांत इंजिनाचे तास पडद्यावर दिसतात, त्यांच्या मालकांनी ऑइल बदलताना किलोमीटरबरोबर तासही टिपून ठेवावेत. तशी सोय नसल्यास पडद्यावरील सरासरी वेगाने किलोमीटरला भागावे. अंतर पुरे झाले नसले तरी वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, ऑइल आणि त्याची गाळणी दोन्ही बदलावीत.

काढलेले ऑइल गोठ्याच्या खांबांना, झाडांच्या बुंध्यांना किंवा बांधावरच्या तणावर टाकण्याची सवय अनेक गावांत आहे. त्यात जस्त, इतर धातू व कर्करोगकारक हायड्रोकार्बन असतात आणि ते मातीत दीर्घकाळ टिकते. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. रिकाम्या डब्यात झाकण लावून ते भरून ठेवावे आणि परवानाधारक संकलकाकडे किंवा ते स्वीकारणाऱ्या सेवा केंद्राकडे द्यावे.