सरकारी निविदा आणि एआय : कागद यंत्राने वाचावा, सही आपण तपासून करावी

गिऱ्हाईक म्हटले की खानदेशातील कापडवाल्यांच्या डोळ्यांसमोर दुकान, आठवडे बाजार आणि लग्नसराई येते. परंतु एक मोठे गिऱ्हाईक आपल्या दाराशीच बसलेले आहे, ते म्हणजे सरकार. भुसावळला रेल्वेचे विभागीय कार्यालय आहे, भुसावळ व वरणगावला आयुध निर्माणी आहेत, जळगाव व धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. चादरी, पडदे, गणवेश, डस्टर यांची गरज अशा ठिकाणी नेहमीच पडते.

ही खरेदी आता ऑनलाइन होते. ‘जेम’ ही केंद्र सरकारची बाजारपेठ २०१६ साली सुरू झाली. राज्य शासनाच्या निविदा ‘महाटेंडर्स’वर आणि रेल्वेच्या ‘आयरेप्स’वर निघतात. अडचण अशी की निविदेचा कागद लांबलचक असतो व बहुधा इंग्रजीत असतो. आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्या माणसाला तो पाहूनच घाम फुटतो. येथे एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचे सॉफ्टवेअर, उपयोगी पडते.

ही सॉफ्टवेअरे दोन कामे करतात. पहिले शोधण्याचे. आपण मालाचे नाव व जिल्हा नोंदवून ठेवला की नवी निविदा निघताच ती कळवतात. मात्र ‘चादर’ एवढेच लिहून भागत नाही. बेडशीट, लिनन, हॉस्पिटल क्लॉथ अशी सर्व नावे द्यावीत. दुसरे काम वाचण्याचे. निविदेची फाइल द्यावी आणि मराठीत किंवा उर्दूत विचारावे : शेवटची तारीख व वेळ कोणती? बयाणा रक्कम किती? अनुभव व उलाढाल किती मागितली आहे? कापडाचे वजन, म्हणजे जीएसएम, किती? चाचणी अहवाल हवा का? माल कोठे पोचवायचा व उशीर झाल्यास दंड किती? जेमनेही डिसेंबर २०२४ मध्ये ‘जेमएआय’ हा मदतनीस सुरू केला आहे.

आता सावध राहण्याची गोष्ट. आम्ही चादरींच्या एका निविदेचा कागद अशाच सॉफ्टवेअरला वाचायला दिला. आमची ‘उद्यम’ नोंदणी आहे हेही सांगितले. उत्तर आले : बयाणा माफ. आम्ही खूश झालो. पण पान क्रमांक विचारला आणि ते पान मुलाकडून वाचून घेतले, तेव्हा खाली अट निघाली की ही सवलत उत्पादकाला आहे, व्यापाऱ्याला नाही. त्या उत्तरावर विसंबून निविदा भरली असती तर ती तांत्रिक लिफाफ्यातच बाद झाली असती.

हा मुद्दा नीट समजून घ्यावा. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी केंद्राचे खरेदी धोरण २०१२ पासून लागू आहे. केंद्राच्या खात्यांनी व कंपन्यांनी वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के या उद्योगांकडून करायची आहे. त्यांना निविदेचा कागद मोफत मिळतो व बयाणा माफ असतो. त्यांचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी तो खालच्या दरावर आणून मालाचा काही हिस्सा पुरवण्याची संधी मिळते. शिवाय ३५८ वस्तू त्यांच्यासाठीच राखीव आहेत. जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यालाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. या खरेदी सवलती त्याला नाहीत. खोटे लिहून त्या घेतल्यास काळ्या यादीत नाव जाण्याची भीती असते.

सबब धुळ्याच्या यंत्रमागवाल्या बंधूंनी आणि शिलाई कारखानदारांनी स्वतःच्या नावाने नोंदणी करावी व स्वतः निविदा भरावी. उद्यम नोंदणीला एक पैसाही लागत नाही. आजवर त्यांचा माल आमच्यासारख्यांच्या नावाने जात आला. येथे हक्क त्यांचा आहे. व्यापाऱ्याने भरायची असेल तर बयाणा भरून, सवलत न मागता भरावी.

आणखी तीन गोष्टी. एक, मोफत सॉफ्टवेअरला आपला दर सांगू नये आणि त्याने सुचवलेला दरही घेऊ नये. सूत, रंगाई, शिलाई, भाडे, जीएसटी आणि बिल थकण्याचे दिवस यांचा हिशेब आपल्या वहीवरच करावा. दोन, डिजिटल सहीची चावी व तिचा पिन एजंटाकडे ठेवू नये. तिच्याने भरलेला प्रत्येक शब्द आपला ठरतो. तीन, भरण्याच्या आदल्या दिवशी शुद्धिपत्रक निघाले आहे का ते संकेतस्थळावर स्वतः पाहावे.

सुरुवात लहान निविदेने करावी. यंत्राच्या प्रत्येक उत्तराला पान क्रमांक मागावा आणि ते पान घरातल्या शिकलेल्या मुलामुलीकडून वाचून घ्यावे. एवढी अर्ध्या तासाची मेहनत पुढचे नुकसान वाचवते.