पोथीवरच्या खुणा

विवाहासाठी स्थळ पाहताना 'घराण्यात कोणाला वेड लागले होते काय?' ही चौकशी पुण्यात होते, तशी बंगळुरूच्या जे. पी. नगरात स्थायिक झालेल्या मराठी घरातही होऊ शकते. मेंदूचा विकार रक्तात असतो आणि रक्तात असलेले टळत नाही, ही तिच्यामागची समजूत होय. विज्ञानाला तिचा पूर्वार्ध अंशतः मान्य आहे, उत्तरार्ध नाही.

जनुकांचा संच ही एक पोथी मानली, तर तिची अक्षरे आईबापांकडून येतात. परंतु कोणता अध्याय वाचावा व कोणता मिटून ठेवावा, हे ठरविण्यात अक्षरांवरील सूक्ष्म रासायनिक खुणांचा मोठा वाटा असतो. मिथाइल नावाचा अणुसमूह ही अशीच एक खूण. तिच्यामुळे अक्षर तेच राहून वाचन बदलते.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्ध चालू असताना, पश्चिम हॉलंडमध्ये उपासमार झाली. तिच्या ऐन भरात गर्भरूप झालेल्यांमध्ये पुढे छिन्नमनस्कतेचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. अशा व्यक्तींच्या एका जनुकावरील मिथाइलच्या खुणा साठ वर्षांनंतरही उण्या होत्या, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र ही उणीव हेच विकाराचे कारण, असे सिद्ध झालेले नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास आरंभिला. ज्या मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व फार कमी होते, त्यांची मुले नवव्या वर्षी अवधानाच्या व स्मरणाच्या कसोट्यांत मागे पडली. मिथाइलच्या खुणा घडविण्याच्या कामी शरीराला हेच जीवनसत्त्व लागते. ते दूध, अंडी व मांस यांतून मिळते.

गर्भ मुलीचा असेल, तर तिची बीजांडेही आईच्या पोटातच तयार होऊ लागतात. म्हणजे एका स्त्रीच्या उपासमारीची झळ ती, तिची मुलगी आणि भावी नातवंड, अशा तिघांना एकदमच लागू शकते. माणसातील मेंदूचे विकार या खुणांच्या वाटेने पिढ्यानपिढ्या उतरतात, याचा निर्णायक पुरावा अद्याप नाही. परंतु आईच्या आहाराचा गर्भावर परिणाम होतो, याविषयी शंका उरलेली नाही.

डोहाळजेवणाचे कौतुक बहुधा सातव्या महिन्यात होते. खुणांची मांडणी मात्र गर्भधारणेच्या सुमारासच सुरू होते. म्हणून सकस अन्न मुलीच्या ताटात तिच्या लहानपणापासूनच पडावयास हवे.