लोखंडी वाटी आणि डोंगरातली शाळा

बीजिंग : चीनमध्ये पक्क्या सरकारी नोकरीला 'भाताची लोखंडी वाटी' म्हणतात. पडली तरी फुटत नाही! डोंगरातल्या शाळांपर्यंत पदवीधर पोचवण्यासाठी तिथल्या सरकारने हीच वाटी पुढे केली.

झांग यिमौ यांचा १९९९चा 'नॉट वन लेस' पाहिलेल्यांना त्यातली तेरा वर्षांची बदली शिक्षिका आठवत असेल. गुरुजी रजेवर गेले आणि महिनाभर वर्ग सांभाळायला दुसरं कुणी मिळेना, म्हणून ही पोर. मोबदला पन्नास युआन, तोही हाती पडेल याचा भरवसा नाही. एवढ्या लहान वयाचे नसले, तरी तुटपुंज्या पैशांवर राबणारे तात्पुरते शिक्षक तेव्हा खेडोपाडी लाखांनी होते.

त्याच वर्षी चीनने विद्यापीठांतल्या जागा भराभर वाढवायला घेतल्या. पुढे शहरांत पदव्या उदंड झाल्या, नोकऱ्या मात्र अपुऱ्या पडल्या. २००६मध्ये सरकारने या दोन दुखण्यांवर एकच औषध काढलं : 'थगांग', म्हणजे विशेष पद योजना. लेखी परीक्षा, मुलाखत, मग पश्चिमेकडच्या एखाद्या गरीब काउंटीत (आपला तालुकाच म्हणा) तीन वर्षांचा करार. काउंटीची तिजोरी रिकामी, म्हणून पगारासाठी माणशी वर्षाला १५,००० युआन केंद्राने दिले. सुरुवातीचा भर माध्यमिक वर्गांवर होता. प्राथमिक शाळांची पाळी नंतर आली. २०२०पर्यंत साडेनऊ लाख शिक्षक नेमले गेले.

तीन वर्षं म्हटल्यावर मराठी वाचकाला आपले शिक्षणसेवक आठवणारच. फरक असा, की आपल्याकडे मानधन. तिथे स्थानिक कायम शिक्षकाइतकं वेतन द्यावं असा नियम.

सरकारबाहेरही असा प्रयत्न झाला : २००८मध्ये सुरू झालेली 'टीच फॉर चायना' ही संस्था युन्नानच्या खेड्यांत उतरली. सुरुवातीला अमेरिकन आणि चिनी पदवीधर तिथे बरोबरीने शिकवत. उमेद मोठी, पण मुदत दोनच वर्षांची. थगांगवाल्यांपैकी ८५ टक्क्यांहून अधिक जण मुदतीनंतरही टिकतात, असं सरकार सांगतं. यात ध्येयवादाचा वाटा असेलही. पण तीन वर्षांनी नोकरी कायम होते, हे त्यामागचं खरं कारण दिसतं.

आता मात्र वाटीच लहान होते आहे. २०२०मध्ये १,०५,००० जागा निघाल्या होत्या, २०२४मध्ये ३७,०००. तरुण आईबाप शहरांकडे निघून गेले, जन्मही घटले. पूर्वी पोरं होती, गुरुजी नव्हते. आता गुरुजी आहेत आणि बाकं रिकामी होत चालली आहेत.