मूठभर बाजरी आणि आईचा खोकला

मारुंजीला घर बांधले तेव्हा मागच्या बाजूला अर्धा गुंठा जागा मोकळी राहिली. तिथे फरशी न घालता आम्ही उभयतांनी परसबाग केली. शोभेची झाडे कमी आणि पाखरा-फुलपाखरांच्या उपयोगाची जास्त, असा आमचा बेत होता. कढीपत्ता आणि लिंबू लावले, कारण त्यांच्या पानांवर काही फुलपाखरे अंडी घालतात. कुंपणाला उगवलेली रुई उपटली नाही. शेवगा आणि जास्वंद लावली. दोन वर्षांत बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर येऊ लागले. चिमण्यांसाठी भिंतीवर लाकडी पेटी टांगली आणि एका थाळीत मूठभर बाजरी ठेवू लागलो. ते काम आईने आपल्याकडे घेतले.

पहिले काही महिने चिमण्या आल्या. मग पारव्यांची एक जोडी आली. शहरात ज्याला सर्रास कबुतर म्हणतात, तोच हा करडा पक्षी. जोडीचे दहा झाले, दहाचे चाळीस झाले. थाळी दोन मिनिटांत रिकामी होई. चिमण्या कुंपणावर ताटकळत बसत. पुढे त्या येईनाशा झाल्या. मेथीचे वाफे तुडवले गेले, पाण्याच्या भांड्यात विष्ठा पडू लागली, छपराच्या वळचणीला काटक्यांची घरटी झाली.

आम्ही आईला म्हटले, "आता दाणे बंद करू या."

आई म्हणाली, "भुकेल्या जिवाला दारातून हाकलायचं व्हय?"

या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नव्हते. १९७२ च्या दुष्काळात आई पंधरा वर्षांची होती. मराठवाड्यात दुष्काळी कामावर तिने खडी फोडली आहे, सुकडी खाऊन दिवस काढले आहेत, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या आहेत. आज आपल्या हातून कुणाला तरी मूठभर धान्य देता येते, याचे तिला मोल आहे. तिच्या हातातली थाळी काढून घेणारे आम्ही कोण?

हा वाद वर्षभर लांबला. तेवढ्यात आईला खोकला लागला. कफ नाही, नुसता कोरडा खोकला. अंगण झाडले की धाप लागायची. औषधाच्या दोन-तीन बाटल्या संपल्या, तरी उतार पडेना. शेवटी छातीच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासण्या सांगितल्या, पण त्याआधी एक प्रश्न विचारला, "घराजवळ कबुतरं आहेत का?"

पारव्यांची विष्ठा वाळली की तिची धूळ होते. ती धूळ आणि पिसांतले सूक्ष्म कण श्वासावाटे फुप्फुसात जातात. काही माणसांच्या शरीराची संरक्षण-यंत्रणा त्या कणांविरुद्ध चवताळून उठते आणि फुप्फुसाला सूज येते. याला वैद्यकशास्त्रात हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. हा संसर्ग नव्हे, एकाचा दुसऱ्याला होत नाही. सगळ्यांनाच होतो असेही नाही. पण ज्याला होतो, त्याचा त्या धुळीशी संबंध वर्षानुवर्षे तुटला नाही, तर फुप्फुस कायमचे घट्ट होऊ शकते. आईचे निदान वेळेवर झाले. डॉक्टरांनी औषधे दिली आणि बजावले, "कबुतरं लांब ठेवली नाहीत, तर औषधाचा उपयोग नाही."

आता करायचे काय? ओळखीच्या एकाने गव्हात विष कालवण्याचा सल्ला दिला. तो आम्ही तिथल्या तिथे नाकारला. विष खाल्लेला पारवा मांजराने किंवा घारीने खाल्ला, तर तीही मरायची; शिवाय असे मारणे १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसत नाही. आणि मारून हे पक्षी कमी होतात का? स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराचा अनुभव सांगण्यासारखा आहे. तिथे अनेक वर्षे पारवे पकडून आणि गोळ्या घालून मारले, तरी संख्या हलेना. जेवढे मेले, तेवढ्यांची जागा नवी पिल्ले भरून काढीत. १९८८ पासून तिथे लोकांना दाणे न टाकण्याविषयी समजावून सांगितले गेले. चार वर्षांत संख्या सुमारे निम्म्यावर आली.

याचे कारण या पक्ष्याच्या राहणीत आहे. पारवा मूळचा कड्याकपारीचा. आपल्याकडे तो सह्याद्रीच्या कड्यांत, किल्ल्यांच्या तटांत, जुन्या विहिरींत राहत आला. हिंजवडीला कंपन्या आल्या आणि आसपासच्या गावांत शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. इमारतीचे सज्जे आणि नळांच्या मोकळ्या जागा म्हणजे पारव्याला कडेच की! जागा माणसाने दिली आणि दाणेही माणसानेच दिले. मादी एका वेळी दोन अंडी घालते, साधारण अठरा दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि खाणे मुबलक असेल, तर वर्षभर विणी चालू राहतात. म्हणजे थाळीतली बाजरी भूक भागवत नव्हती, नव्या भुका जन्माला घालत होती.

हे सगळे आम्ही आईला समजावून सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग चिमणी उपाशी ठेवून मी कुणाला खाऊ घालत होते?"

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच थाळी धुऊन फडताळात ठेवली.

त्यानंतर आम्ही जे केले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. उघड्यावर धान्य ठेवणे पूर्ण बंद केले. वाळलेली विष्ठा कधीही कोरडी झाडली नाही. आधी पाणी मारून ओली केली, तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालून खरवडली आणि पिशवीत बांधून टाकली. हे काम आईला करू दिले नाही. एका घरट्यात पिल्ले होती. ती उडून जाईपर्यंत, म्हणजे महिनाभर, आईला पुढच्या खोलीत हलवले आणि वाट पाहिली. नंतर वळचणीला तिरक्या फळ्या ठोकल्या, म्हणजे बसायला सपाट जागा उरली नाही. पुन्हा काटक्या दिसल्या, की अंडी घालण्यापूर्वीच रोज काढल्या. जाळी लावायची असेल, तर ती ताणून लावावी आणि आत पक्षी किंवा पिल्लू नाही हे आधी पाहावे. ढिल्या जाळीत पक्षी अडकून हाल होऊन मरतात. चिमण्यांच्या पेटीचे भोक सव्वा इंचाचे ठेवले. त्यातून चिमणी जाते, पारवा जात नाही.

आमचे काम झाले, तरी शेजारच्या इमारतीतून दाणे पडतच होते. तिथे भांडायला न जाता आईलाच पुढे केले. तिने आपला खोकला सांगितला. काहींनी ऐकले, काहींनी पुण्याचे नाव काढले. मुंबईत २०२५ साली दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून केवढा गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात कसे गेले, हे आपण पाहिलेच आहे. पुण्याच्या नावाने चाललेली गोष्ट शेजाऱ्याच्या फुप्फुसात जात असेल, तर तिचा विचार करायला नको का?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. आमच्या परसात तर मारण्याची गरजच पडली नाही. डोके वापरून केलेली करुणा पुरेशी झाली.

आज चार-दोन पारवे अजून येतात, पाणी पितात आणि जातात. त्यांच्याशी आमचे वैर नाही. चिमण्या परतल्या आहेत. आईचा खोकला बराच कमी झाला आहे. तपासण्या मात्र चालू आहेत. सकाळी ती पक्ष्यांचे भांडे घासून ताजे पाणी भरते आणि कढीपत्त्याच्या पानांवरचे सुरवंट नातवंडांना दाखवते.

आपल्याही घरी, गॅलरीत दाणे टाकले जात असतील आणि घरात कुणाला कोरडा खोकला असेल, तर तो नुसता हवाबदल समजू नका. डॉक्टरांकडे जा आणि त्यांनी विचारायच्या आधीच कबुतरांचे सांगा.